तळ्याच्या काठाचं गाऱ्हाणं

आमच्या नानाकाकांच्या शेततळ्याचं ऐकलंत ना? काठ नुसत्या चिकणमातीचा, पावसात आत घसरायचा. म्हणून काकांनी काठावर गवताचं बी टाकलं आणि ते कुणी तुडवू नये म्हणून देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, हेच्यावर जो कोण पाय ठेवीत, तेका थंयच धरून ठेव!"

"व्हय महाराजा!" आम्ही ओरडलो.

नारळ फोडायला काकाच पुढे गेले आणि गमबुटांसकट गुडघाभर रुतले.

"ओढा रे माका!"

काकी म्हणाली, "देवान धरलेल्या माणसाक आमी कसा सोडवतलव? आधी दुसरा गाऱ्हाणा घाला."

काकांनी चिखलातूनच घातलं, "चूक झाली महाराजा, माका सोड!"

"व्हय महाराजा!" म्हणत आम्ही ओढलं. काका सुटले, बूट तिथेच.

पुढच्या पावसात बुटांखालचा तेवढा सोडून सगळा काठ तळ्यात गेला. गवत उगवलं ते फक्त त्या दोन बुटांत.

काकी म्हणते, "माणूस धरूक सांगलात, माती धरूक खंय सांगलात?"