मोटारीला कासरा

चिंतामण : रेषा इथे आहे, पंजाबराव, आणि आपली मोटार त्या बाभळीखाली आहे.

पंजाबराव : थांबली ना पन, मास्तर!

चिंतामण : थांबली. आधी संत्र्यांच्या टोपल्यावरून गेली, मग थांबली.

माणिकबाई : त्या टोपल्याच्या जागी मले उभी करून राहिले होते हे! "नवऱ्यावर भरवसा नाई का?" म्हने. पाहा भरवसा. रस निंगाला त्याचा.

पंजाबराव : तू उगी राह्य. मास्तर, मयनाभर गाडी तुमच्या शेडात होती, अन् ब्रेक असे? रविवारी अकोल्यात मोटारीच्या शर्यतीले खुद्द कमिशनरसाहेब झेंडी दाखवून राहिले. झेंडीपुढं चुन्याची रेघ, शेवटी तिच्या अलीकडंच थांबाचं. वलांडली का बाद! अन् संगं एक मानूस बसलेलं पायजे. घरचं मानूस तर बसाले तयार नाई.

माणिकबाई : काहून बसू? मांगच्या खेपी अंजनगावले माहेरी नेलं, तं मायनं इचारलं, "मोटारीत आली का उखळात बसून आली?"

चिंतामण : तो दोष आता उरलेला नाही. स्प्रिंगांना लाकडाच्या आणि चामड्याच्या चकत्या जोडल्या आहेत. नट आवळला की गाडी वळणावर कलत नाही, ते शर्यतीसाठी. सैल केला की खड्डा सुसह्य होतो, ते बाईंसाठी.

पंजाबराव : मंग अर्धा आवळा ना! दोघंबी खूश.

चिंतामण : अर्धा आवळल्यास दोघेही नाखूश राहतील. आता ब्रेक. सकाळी याच वेगाने मी आलो आणि रेषेच्या अलीकडे थांबलो. मोटार तीच, रस्ता तोच. बदलले आहे ते एकच.

पंजाबराव : काय?

माणिकबाई : तुमी.

चिंतामण : इंजिन बंद ठेवा. नुसते बसा आणि थांबवून दाखवा.

पंजाबराव : हे असं. हो! हो रे, हो!

चिंतामण : पुन्हा. या वेळी न ओरडता.

पंजाबराव : न वरडता कसा थांबन तो?

चिंतामण : तो कोण?

माणिकबाई : अवो, पाय कुठी हाय तुमचा? हातातलं चक्र छातीशी वढलं, मांगं रेलले, अन् पाय हवेत! शंकरपटाच्या शर्यतीत बैलं आवरून राहिले जसे काही!

चिंतामण : निरीक्षण अचूक आहे. मी ब्रेकचे अस्तर बदलले, दांडे बदलले. परंतु ज्या ब्रेकवर पायच नाही, त्याला दोष देणे शास्त्राला धरून नाही.

पंजाबराव : सारी उमर पटात जोडी हाकली, मास्तर. ऐन टायमाले हातच वढते. अन् शर्यतीत उतरलेला तो वामनराव टपूनच बसला हाय. हरलो तं साऱ्या वरुडात सांगत फिरन, पंजाबरावनं बैलंच हाकाव.

चिंतामण : हात ओढणारच असेल, तर त्याला ओढण्याजोगे काहीतरी द्यावे. घरात कासरा आहे?

पंजाबराव : मोटारीले कासरा? अकोला हासन ना, बाप्पा!

चिंतामण : अकोला हसेल, चाके हसणार नाहीत. हातब्रेकच्या दांडीला बांधू. आपण ओढाल, दांडी मागे येईल, चाके धरली जातील.

(कासरा बांधून मोटार दूर जाते, वळते आणि धुरळा उडवीत परत येते.)

माणिकबाई : आले, आले! मास्तर, बाजूले व्हा!

पंजाबराव : हो! हो रे, हो!

चिंतामण : रेषेच्या अलीकडे. पुरते दीड हात अलीकडे.

पंजाबराव : पायलं का? पायलं का, म्हन्तो! फकस्त एक हाय, मास्तर. कासरा वढाले एक हात गेला का चक्र एकाच हाती राहते. गाडी बाभळीकडं पाहाले लागते.

चिंतामण : अडचण खरी आहे. या रचनेला तिसरा हात लागेल.

माणिकबाई : सरका जरा तिकडं. आना तो कासरा.

पंजाबराव : तू बसतं? अवो, मंग हाकन कोन?

माणिकबाई : हाका तुमीच. थांबवीन मी.