फोटोपुरते केस

नाही, तुझ्या जन्मनोंदीच्या साक्षीला मी येणार नाही. केस करून देते, ते मात्र असे करून देईन की काउंटरवरची बाई आधी केसच बघेल. मान खाली कर. अगं, हे कचेरीसमोरचं दुकान आहे, इथं निम्म्या पोरी फोटोसाठीच येतात — ओळखपत्राचा फोटो म्हणजे केस सरळ हवेत, कपाळावर एक कुरळी बट दिसली की ती बाई विचारणारच, आईवडील कुठले गं तुझे, नदीपलीकडच्या देशातले का? म्हणून मुळापासून ताणून गुंडाळायचे. दुखतंय? दुखू दे. मला का येता येणार नाही — अगं, दुकान कुणावर टाकू? अकराला एक नवरी यायचीय. आणि मी तुला ओळखते कुठं? तू मळ्यावरची, मी गावातली. बातेयमध्ये, त्या उसाच्या वस्तीत, माझं कोण आहे? कुणीच नाही. तुला माझं नाव दिलं कुणी? — आजीनं? कुठली आजी? — असं, माझ्या आईबरोबर ऊस तोडायची ती. म्हातारी अजून आहे म्हणायची.

वर बघ. काय सांगितलं तिनं? सगळं सांगितलं असणार, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. बरं, ऐक मग. माझ्या कागदावर आई म्हणून एल्पीदियाबाईचं नाव आहे. शेजारीण आमची, कागदपत्रं असलेली. माझी आई नदीपलीकडून ऊस तोडायला आलेली, तिच्याकडं कसलाच कागद नव्हता, कचेरीत कुणी माझी नोंद करून देईना, तर एल्पीदिया म्हणाली, दे इकडं, माझीच आहे म्हणून सांगते. झाली मी इथली. इतकं सोपं होतं. सहा वर्षांनी धाकटी झाली, मिर्लांद, तोवर एल्पीदिया राजधानीत राहायला गेलेली. एकाच खोलीत, एकाच खाटेवर जन्मलो दोघी. मी इथली, ती कुठलीच नाही. आणि आई? आईला सरकारी भाषेत म्हणायचे, वाटेत थांबलेली, म्हणून तिची पोरं इथली नव्हेत. चाळीस वर्षं ऊस तोडला बाईनं, त्याच मळ्याच्या कडेला पुरली तिला, आणि म्हणे वाटेत थांबलेली. मी हसायची त्यावर. खरंच हसायची, मला काय जातंय हसायला.

हा तुझ्या पिशवीतला कागद — दाखव. परदेशी लोकांच्या वहीतला. तूही सही केलीस? कुणी सांगितलं करायला? — वकिलानं. हो, आमच्याकडंही आला होता, गाडीवर भोंगा लावून. ज्यांची जन्माची नोंद नाही त्यांनी आधी परदेशी म्हणून नाव लिहा, दोन वर्षांनी तुम्हाला इथलं करून घेऊ. मला पटलं. मीच नेलं मिर्लांदला. ती ऐकेना — अगं दिग्ना, मी या खोलीत जन्मले, मी नदीपलीकडं पाय ठेवलेला नाही, त्यांची भाषासुद्धा मला आईच्या शिव्यांपुरती येते, मी परदेशी कशी? मी म्हटलं, एक शब्द तर आहे, लिहिल्यानं अंगाला चिकटतो का? कर सही. केली तिनं. दोन वर्षं होऊन गेली, चार झाली, नऊ झाली, कोण करून घेतंय इथलं.

आणि तो शब्द चिकटला, बाई. हसू नको, मी डोळ्यांनी बघितलंय. बेसबॉल लागला की ही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडायची, आपण जिंकलो, आपण हरलो. सहीनंतर ते 'आपण' गेलं. तुमची टीम हरली वाटतं, म्हणायची मला. झेंड्याच्या दिवशी तिच्या पोराच्या शाळेत सगळे उभे राहिले, गाणं सुरू झालं, तर ही ओठ मिटून उभी. मी कोपरानं ढोसलं. म्हणाली, परदेशी माणसानं कशाला दुसऱ्यांचं गाणं म्हणायचं? रागानं नाही म्हणाली, तेच वाईट. कुणाच्या घरी कॉफी प्यायची तर विचारून बसायला लागली. माझ्या घरी, माझ्या खुर्चीवर — बसू का? मी सांगते तुला, मी तिला आंधळ्या विहिरीत ढकललं आणि वर उभी राहून विचारत बसले, काय गं, बोलत का नाहीस?

थांब, हलू नको, मागचे राहिलेत.

एप्रिलमध्ये ती अशीच बसली होती. याच खुर्चीत, तू बसलीयस तशी. म्हणाली, पुन्हा एकदा अर्ज देऊन बघते, केस कर. अर्ध्या डोक्याला रोलर लावून झाले होते आणि बाहेर ट्रक थांबला, परदेशी म्हणून धरून सीमेपलीकडं सोडणारा. आत एकजण आला, चांगला सभ्य माणूस, टोपी काढून आला. तिला कागद विचारला. तिनं हाच दाखवला, तुझ्यासारखा. मग त्यानं मला विचारलं, ही तुमची कोण? — माझं ओळखपत्र तिथं ड्रॉवरमध्ये, आईच्या जागी एल्पीदियाचं नाव. बहीण म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता ना? मग माझाही कागद उकरला असता, मग दुकान, मग माझ्या दोन मुली. एवढं सगळं एका क्षणात डोक्यात आलं बघ, आणि मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे.

ती आरशातून बघत होती माझ्याकडं. मला वाटलं आता बोलेल, सगळं ओकून टाकेल. तर ती त्याला म्हणाली, हो, मी नुसती केस करायला आलेय. तो म्हणाला, बाई, तुमचे रोलर काढून घ्या, दुकानाचा माल उगीच जायला नको. आणि मी काढले. एकेक करून काढले. तिनं मान स्थिर धरली होती, मला काढायला सोपं जावं म्हणून.

आता तिकडं असते, सीमेपलीकडं. पोराला इथं तिच्या सासूनं ठेवून घेतलंय. तिकडचे तिला इथली म्हणून दोमिनिकन बाई म्हणतात, तिचं बोलणं ऐकून हसतात. म्हणजे तिथंही परदेशीच. कधी फोन करते. त्या दिवसाबद्दल चकार शब्द नाही. विचारते काय, तर दुकान नीट चाललंय ना? मी म्हणते, चाललंय.

झालं. छान दिसतायत, बघ. — काय? नाही गं, रडत नाही, या स्प्रेनं डोळे चुरचुरतात. — परत तेच. किती वेळा सांगू? त्या फॉर्मवर काय छापलंय ते तूच वाच की. साक्षीदारानं लिहायचं, मी या व्यक्तीला जन्मापासून ओळखते. जिला जन्मापासून ओळखत होते तिला मी ओळखलं नाही, पोरी. तुला कुठून ओळखू?

ऊठ आता. मानेवरचं पाणी पुसून घे. नवरी येईल, तिच्या घरचे येतील, तू इथं दिसायला नको.