बेंटलीला धडकलेला कांगारू

हॅलो?… हो, लिनेटच. कोण, जॅनिस? अगं, आवाज तुटतोय तुझा. खिडकीपाशी जा जरा… हां, आता येतोय.

नाही, विकली नाही अजून. त्याच्यासाठीच तुला फोन करणार होते… आला होता ना, मेलबर्नचा तो माणूस. काल. गळ्यात रेशमी रुमाल, आणि अर्धा दिवस आपल्या शेडमध्ये गाडीखाली लोळला बिचारा.

काय म्हणणार? टप गेलाय म्हणाला. कापडाला हात लावला की भुगा. मागच्या सीटखाली उंदरांनी संसार थाटलेत. डॅशबोर्डचं लाकूड तेवढं अजून चकाकतंय… हो ना! आणि चामड्याला मेंढ्यांचा वास, अजून. त्याला सांगितलं मी, लोकरीला सोन्याचा भाव आला त्या वर्षी आमच्या आजोबांनी ही बेंटली घेतली, आणि पहिल्याच आठवड्यात मागच्या सीटवर दोन मेंढे बसवून प्रदर्शनाला नेले. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

मालक? सांगितले की. आधी आजोबा, मग डॅड, आता नावापुरती मी. घराबाहेर गेलीच नाही गाडी. एवढा खूश झाला! मग विचारलं, कधी अपघात वगैरे?… मी काय सांगणार? आपण जन्मभर सांगत आलो तेच. नदीच्या रस्त्यावर कांगारू आडवा आला. एक रू धडकला, बाकी काही नाही.

जॅनिस?… आहेस ना?

मग ऐक. त्याने डावं मडगार्ड उघडायला लावलं. गॅरेजवाला ट्रेव्हर आला, रंग खरवडला, तर खाली शिसंच शिसं भरलेलं… अगं, दुरुस्ती केली होती हे मलाही माहितेय! गावात गॅरेज असताना डॅड गाडी थेट अ‍ॅडलेडला घेऊन गेले होते. पण आत, चाकाच्या वर, लोखंडाला रंग लागलाय. हिरवा.

हिरवा, जॅनिस. आणि सांध्यात एक स्पोक अडकलाय. वाकडा झालेला. सायकलचा.

…कसला गंज? गंज हिरवा असतो होय? आणि रू सायकल चालवत नाहीत गं.

नाही, ओरडत नाहीये मी.

तो हिरवा मी कुठेही ओळखेन. आपल्या फाटकाचाच उरलेला रंग. आजोबांनी डबा क्लॅरीला देऊन टाकला होता, आणि त्याने सायकल रंगवली होती. पोरं चिडवायची त्याला, बेडूक आला, बेडूक आला… हो, वर्नाचा बाप. दुसरा क्लॅरी कोण होता आपल्या गावात?

मला आठवतंय सगळं. सार्जंट म्हणाला, पिऊन रस्त्यात झोपला होता, ट्रकने उडवलं असेल. सायकलचा चेंदामेंदा झालेला, तरी म्हणे झोपला होता! मिशनच्या वस्तीतला काळा आदिवासी माणूस, कोण चौकशी करतंय? आणि त्याच आठवड्यातला आपला रू. मी बोर्डिंगमध्ये होते. सुट्टीत आले तेव्हा दोन्ही बातम्या कळल्या. वेगवेगळ्या. मला मेलीला दोन्ही जोडून बघायचं सुचलंही नाही.

डॅडना काय विचारू? नव्वदीचा माणूस, मला आई समजून भांडतात माझ्याशी. आणि त्या वृद्धाश्रमात त्यांना भरवतं कोण, माहितेय ना तुला? वर्ना. ड्युटी नसली तरी येते. सूप फुंकून फुंकून पाजते, दाढी करते. परवा मला म्हणाली, तुझे डॅड माझा हात सोडतच नाहीत. मी म्हटलं, लळा लागलाय तुझा… लळा! ऐकतेस ना?

काय?… भंगारात? का म्हणून?… हो, आणि तो रंग मी घासून टाकू? वा गं वा! तू अ‍ॅडलेडमध्ये बसून सांगणार आणि मी इथे घासत बसणार.

हे बघ, ‘रूच होता, रूच होता’ असं तू छातीठोक कसं सांगतेस? तू काय तिथे…

काय म्हणालीस?

परत बोल.

तू गाडीत होतीस?

…मागच्या सीटवर. हो. मग?… रडू नकोस, जॅनिस, रडलीस की मला काही कळत नाही… टप उघडा होता. बरं… डॅड उतरले. ‘पिशवीत पिल्लू आहे का बघून येतो.’ अगं, हे तर ते सगळ्यांना सांगायचे! आपल्याकडे रू मारून पिशवी न बघता पुढे जाणाऱ्याला कुणी माणसात धरत नाही. डॅड उतरून बघून आले, म्हणून तर सगळ्या पबला खरं वाटलं. मलाही.

आणि तू काय पाहिलंस?… टोपी… आणि?

हात.

हलत होता?… जॅनिस, हलत होता का तो?

…आणि डॅड परत येऊन काय म्हणाले?

‘पिल्लू नव्हतं.’

देवा रे.

पिल्लू होतं ना गं. पाच वर्षांचं. दारात बसून वाट बघत होतं.

नाही… नाही, तुला कोण दोष देतंय? तू नऊ वर्षांची होतीस, बापाने सांगितलं रू म्हण, तू रू म्हणालीस. पण नंतर? मोठी झालीस, लग्न झालं. त्या लग्नात वर्ना तुझ्या मागे गाऊन सावरत फिरत होती, जॅनिस! तेव्हाही नाही? आता पन्नाशी उलटली तुझी… शब्द दिला होता. कुणाला? त्या हलणाऱ्या हाताला दिला होतास का काही शब्द?

चुकलं. मी असं बोलायला नको होतं. पण राग येतोय मला, तुझा, त्यांचा, माझा, सगळ्यांचा. काल त्यांच्या गालाचा पापा घेऊन आले मी, माहितेय?

थांब. कुत्रं भुंकतंय… हो, तिचीच गाडी. मीच बोलावलंय वर्नाला… कधी सांगू मग? डॅडना पुरून आल्यावर, केक खाता खाता?… सगळं गाव थुंकेल, थुंकू दे. डॅडचं जेवण तुटेल? भरवणारी दुसरी येईल. ती नाही आली तर मी भरवेन. पण तिच्या हातून आता एक घाससुद्धा नाही.

नाही, मी नाही सांगणार. सकाळपासून शब्द जुळवत होते, जुळत नव्हते. का जुळत नव्हते ते आता कळलं. मी फक्त रंग पाहिलाय. माणूस तू पाहिलायस. तू सांगायचंस.

…अगं, ‘कसं’ म्हणजे? मला सांगितलंस तसं. ‘मी गाडीत होते’ इथून सुरू कर… घाबरतेस, ठाऊक आहे. मी इथेच उभी आहे तिच्याजवळ. जॅनिस, ऐक ना, एवढं कर बाई. एकदाच.

ये, वर्ना, आत ये. दार उघडंच आहे… नाही, नाही, डॅड बरे आहेत. जॅनिस आहे फोनवर. तिला तुझ्याशी बोलायचंय… तुझ्या बाबांबद्दल. घे.

…काय गं? कुणीच नाही?… दे बघू इकडे.

हॅलो? जॅनिस?… हॅलो?… जॅनिस?

ठेवला तिने.

बस, वर्ना… नाही, इथे, माझ्याजवळ बस. तो ट्रक नव्हता.