शेंडा कधी छाटाचा

अमरावतीहून निघालेल्या बसमध्ये इंग्रजीच्या ललिताबाई लाल पेन घेऊन वह्या तपासत होत्या. 'होपिंग'चं स्पेलिंग वहीमागून वहीत चुकलं होतं. मागच्या सीटवर संत्र्याच्या नर्सरीवाले एक आजोबा नात अपेक्षाला अकोल्याच्या स्पेलिंग स्पर्धेला घेऊन चालले होते.

"आबा, होपले आयएनजी जोडलं का ई कुठं जाते, मले समजतच नाही!"

"अपेक्षा, जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला, तो फुटला. मंग आपण काय करतो?"

"जंबेरीचा शेंडा छाटतो."

"काहून?"

"नाही तं सारा रस तोच पिते."

"मंग तुही ई म्हंजे शेंडाच झाली ना, पोरी!"

"पण होपले फुल जोडून होपफुल केलं तं ई तशीच रायते."

"काहून बरं?"

"थांबा... आयएनजी स्वरानं सुरू होते, फुल नाही होत!"

"म्हंजे स्वरवाला डोळा जिता. डोळा जिता असला तंच शेंडा छाटाचा. मेला असला तं हात नाही लावाचा."

"आबा! तुमाले इंग्रजी येते?"

"छ्या! मले कलमा बांधता येते."

"मूर्तिजापूरवाले उतरा!" कंडक्टर ओरडला. "बाई, तुमचं गाव आलं."

"मले अकोल्याचं तिकीट द्या, भाऊ." ललिताबाईंनी लाल पेनाला टोपण लावलं आणि मागं वळल्या. "आबा, जरासे सरकता का?"