कुंभारमाशीच्या घरात

चहा घ्या, पण ती कुंभारमाशीची गोष्ट मला सांगू नका. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली आमच्या संगमेश्वरच्या घरी एका कीर्तनकारबुवांनी ती सांगितली होती. माझी चौदा वर्षांची नणंद सासरहून पळून आली होती आणि तिला न्यायला आलेली माणसं ओटीवर बसली होती. बुवा माजघरात येऊन तिला म्हणाले, "माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, तिच्याशी गुणगुणते, आणि अळीची माशी होते. तशी तूही त्या घरची हो गो."

मी म्हटलं, "बुवा, त्या घरात कधी डोकावलात?" आणि खुंटीमागचं मातीचं घर उलथण्याने फोडलं. आत सात-आठ हिरव्या अळ्या पडल्या होत्या. एकीला माशीचं पांढरं पिल्लू कुरतडत होतं, आणि तिचे पाय अजून थरथरत होते.

"मेली असेल," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. माशी नुसती नांगी मारते, जीव घेत नाही. पिल्लाला ताजं मिळावं म्हणून."

नणंद वाकून बघत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "हलता येत नाही, पण कळत सगळं असतं."

सासूबाई ओटीवर गेल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, "तुम्ही निघा. ती येणार नाही."