दादूसचा साइड गार्ड

चहा घे आधी, आणि मग मला सांग माणसं सुधारतात म्हणून.

माझं वेल्डिंगचं काम तुला माहितेय. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधली जागा बंद करायला बाजूने लोखंडी पाइप लावतात ना, ते साइड गार्ड मी बनवतो. बाइकवाला घसरला तर आत चाकाखाली जाऊ नये म्हणून. पण सगळ्यांना ते नट-बोल्टवरच हवे असतात. आरटीओत पासिंग झालं की काढायचे, पुढच्या पासिंगला परत लावायचे.

गेल्या वर्षी आमची जुईनगरची शेजारीण स्कूटीवरून घसरली आणि तशाच एका उघड्या ट्रकखाली गेली. तेव्हापासून मी नट-बोल्ट बंद केले. पहिलं गिऱ्हाईक घणसोली गावातले दादूस. स्वतःचा ट्रक, जुनी ओळख.

"दादूस, वेल्डिंगच मारणार. परत निघणार नाही."

"मार बाबा. मला पन पटलं."

काल तोच ट्रक पासिंगच्या आधी माझ्याकडे आला. बाजू मोकळी! गार्ड गॅस कटरने कापलेला.

"दादूस, गार्ड कुठाय?"

"टायर बदलताना मधे यायचा रे. कापला. पन फुकट नाय घालवला, घरी गॅलरीला लावलाय. लय मजबूत काम हाय तुझं."

"गॅलरीला कशाला?"

"बारकी नातवंडं हायत ना घरात. मधल्या फटीतून घसरून एखादं खाली गेलं म्हंजे?"