बायको चर्चात शिवण शिकते अन् मास्टर मी!

आता तुम्हीच सांगा, ज्या घरी बावीस वर्षांपासून मशीन चालू हाय, ज्या घरचा माणूस आख्ख्या सिंदेवाहीत 'अयूब मास्टर' म्हून ओळखला जाते, त्या घरच्या बाईनं शिवण शिकाले चर्चात जावं? चर्चात! अहो, शिकाचंच होतं तं मी काय मेलतो का? पण जळत नाई हो मी. अल्लाकसम, जळत नाई. फक्त सांगून राह्यलो.

आता तुम्ही म्हणसान, चर्चाचा अन् शिवणाचा काय संबंध? हेच तं मीबी इचारून राह्यलो! पहिले कसं होतं... नाताळ आला, चांदणी लटकली, आत गाणे झाले, बाहेर केक वाटला, की झालं. आपण हात मिळवाचा अन् आपल्या घरी याचं. मंग अठ्ठ्याण्णव साली नवे पास्टर आले, प्रणितसाहेब, अन् त्यांची बायको रीताबाई. तिच्या डोक्यात काय, तं म्हणे, "चर्चनं भिंतीच्या आत बसून राहाचं नाई, लोकाईत जाचं." अवो, लोकं काय बोलावून राह्यले होते तुले? पण गेली. आज डोळ्याचा कॅम्प, उद्या हिवतापाच्या गोळ्या, परवा कोणाच्या बाळंतिणीले दवाखान्यात नेऊन राह्यली. बरं, 'आमच्या देवाकडे या' असं एका अक्षरानं म्हणन तं शप्पथ! म्हटलं असतं तं मले भांडाले जागा तरी भेटली असती. रीताबाई गोड हासून म्हणे, "तुमचा देव तुमच्याजवळच राहू द्या, फक्त बुधवारी दोन ते पाच शिवणाले या."

तं एक दिवस माह्या दुकानात आली. "मास्टर, बायांसाठी शिवणवर्ग सुरू करून राह्यलो, सरावाले चिंध्या पाह्यजे होत्या." मास्टर म्हटलं ना तिनं, झालं, मी फुगलो! पोतंभर काढून ठेवल्या चिंध्या. अन् तिच्या हातात देऊन चूप बसाचं की नाई? नाई! मोठेपणा सुचला मले. बायकोले म्हटलं, "खुर्शीदा, पोतं चर्चात टाकून ये." टाकून ये म्हटलं होतं मी! दोन वाजता गेली ते साडेपाचले आली. पोतं तिकडेच, अन् हिच्या बोटाले चॉक.

तव्हापासून घरात एकच. पहिले कसं, शेजारणीशी बोलताना "आमचे हे असे म्हणते, आमचे हे तसे म्हणते." आता "आमची रीताबाई!" भात वाढता वाढता रीताबाई, कपडे वाळू घालता घालता रीताबाई. "अजी, रीताबाई म्हणे बाही अशी कापाची. अजी, रीताबाई म्हणे काखेत जागा सोडाची." अवो, रीताबाईनं मशीन पाह्यली तव्हा माह्ये दोन पायडल घासून झाले होते! पण हिले तुम्ही सांगा. जळत नाई मी, गैरसमज नोको करून घेऊ... पण घास घशाखाली जात नाई माणसाच्या.

त्यात एक धंद्याची गोष्ट हाय, ते तुम्हाले समजली पाह्यजे. आपल्याकडे बाईमाणूस मास्टरले माप देते का? नाई देत. मीबी मागत नाई, अदबीचा धंदा हाय. बाई घरून जुना ब्लाउज आणते अन् म्हणते, "मास्टर, हे माप." आता ते जुनं शिवलं होतं त्याच्याहून जुन्यावरून, अन् ते कशावरून, तं लग्नातल्या ब्लाउजवरून! मंदात तीन लेकरं झाले, ते माप कोण पाह्यते? जसं माप आलं तसं मी शिवलं, माहं काय चुकलं? अन् तिथं काय, तं सगळ्या बायाच बाया, आपसात टेप काढला अन् घेतलं माप! अंगणवाडीच्या इंदुताई, पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक माहं, बाजारात भेटल्या अन् म्हणतात कशा, "मास्टर, पहिल्यांदा ब्लाउज घालून डोक्यावर पाटी उचलली, कुठीच उसवला नाई. तुमच्या मंडळीनं कापला ना!"

मले सांगून राह्यल्या! मले! भर बाजारात, वांग्याच्या ढिगासमोर! मी म्हटलं, "हो का, बेस झालं ताई," अन् वांगे न घेताच घरी आलो.

पण मंग हद्द झाली. चर्चच्या गाणाऱ्या मंडळीचे पांढरे झगे दरसाल मी शिवतो. अयूब मास्टरचा झगा, अंगावर पडला की रेघ पडली पाह्यजे! मागचा डिसेंबर लागला, कोणीच नाई आलं. पाच तारीख झाली, दहा झाली, मी दुकानाच्या पायरीवर बसून चर्चच्या रस्त्याकडे पाहून राह्यलो, जसा काई मीच किरिस्ताव. बुधवार आला अन् टाळकं सरकलं माहं. गळ्यात टेप तसाच, पायात एक चप्पल माही अन् एक पोराची, गेलो तडक! दार लोटलं तं काय, वीस बाया, मंदात पांढऱ्या कापडाचं थान पसरलं, अन् त्याच्यावर गुडघे टेकून कोण बसली हाय? खुर्शीदा. हातात कैची!

आता दुकानात कैचीचं कसं हाय सांगतो. शिलाई कोणीबी मारते, काज-बटण कोणीबी करते, कापते तो मास्टर. माह्या कैचीले मी माह्या बापाशिवाय कोणाले हात लावू देल्ला नाई, अन् ही इथी बिनधास्त कापड कापून राह्यली! मी वरडलो, "थांब! गळा लय खोल उतरला!" मी टेप टाकला. एकदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजलं. तिसऱ्यांदा तं दुवा मागून मोजलं, की या अल्ला, अर्ध्या इंचाची तरी चूक दाखव... सुताचा फरक नाई हो. सुताचा!

अन् मंग काय झालं मले, कोण जाणे. वीस बायांसमोर तोंडातून निंघून गेलं, "शिकाचंच होतं तं मले काऊन नाई म्हटलं तू?"

तिनं मानबी वर केली नाई. कापता कापता म्हणते, "अजी, बावीस वर्षं तुमच्या बाजूले बसून बटणं लावली. एकदा तरी म्हटलं का तुम्ही, खुर्शीदा, घे कैची, कापून पाह्य? रीताबाईनं पहिल्याच दिवशी म्हटलं."

तव्हा जळलो मी. कबूल करतो, लय जळलो. चर्चवर नाई, कैचीवर नाई. ते एक वाक्य बोलाचा हक माहा होता, बावीस वर्षं होता, अन् ते परकी बाई येऊन फुकटात बोलून गेली, म्हून जळलो. कापताना तिचा चेहरा कसा होते, हेबी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाह्यलं.

रीताबाई चालाख हो! लगेच खुर्ची देल्ली, चहा देल्ला अन् म्हणे, "मास्टर, पँटची कटिंग इथी कोणालेच येत नाई. दर बुधवारी शिकवाले याल?" म्हटलं मास्टर, झालं, फुगलो अजून! उपकार केल्यासारखा हो म्हणून आलो. तिथं गेल्यावर समजलं की हजेरी खुर्शीदा घेते.

काल दुकानात गिऱ्हाईक होतं, दहा मिनिटं उशीर झाला मले. दारात पोहोचलो तं ही वहीतून पाहून म्हणते, "वर्ग सुरू झाला की दार बंद राह्यते. बाहेर उभे राहा." राह्यलो ना बाप्पा, काय करता? चर्चच्या पायरीवर, गळ्यात टेप, हातात खडू. तेवढ्यात पानठेल्यावाले गुणवंतराव सायकलवरून चालले, उतरले, मले खालून वरतं पाह्यलं अन् म्हणतात, "काय मास्टर, धर्म बदलवला का?"

म्हटलं, "नाई गुणवंतराव. धर्म तोच हाय, मास्टर बदलला."